दुखऱ्या टाचेचं वर्ष

टाच दुखते हे सांगायला कुणालाच बरं वाटत नाही. हृदयाला मान आहे, मूत्रपिंडाला आहे, गेला बाजार गुडघ्यालाही थोडा आहे. टाचेचं नाव काढलं की समोरचा माणूस आधी खाली बघतो आणि मग हसतो. आम्ही नोएडात राहत असताना माझी डावी टाच वर्षभर दुखत होती, आणि त्या दुखण्यापायी मी तिथली माझी एकुलती एक मैत्रीण घालवली. चूक टाचेची नव्हती, माझी होती, हे आधीच सांगून टाकते.

नव्वदीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. परदेशी कंपन्या भराभर येत होत्या आणि त्यातल्या एकीनं आमच्या यांना पुण्याहून उचलून थेट नोएडात आणून ठेवलं. रंगीत टीव्ही विकायचे, पाच राज्यं सांभाळायची. महिन्यातले वीस दिवस हे कधी लखनौला, कधी जालंधरला. मुलगी बारा वर्षांची, सकाळी पावणेसातला शाळेच्या बसमध्ये बसायची ती तीनला परत. घर तिसऱ्या मजल्यावर, नव्या सोसायटीत. निम्म्या फ्लॅटना अजून कुलपं होती आणि समोर तीन मोकळे प्लॉट होते. खाली सगळीकडे पांढरा संगमरवर. बिल्डरनं तो दाखवताना मला दोनदा वाकून हात लावायला लावला होता. पुण्यातल्या शहाबादी फरशीच्या घरातून आलेल्या मला तेव्हा फार श्रीमंत झाल्यासारखं वाटलं.

त्या घरात दिवसभर मराठी शब्द कानावर पडायचा नाही. दूधवाल्याशी हिंदी, कामवालीशी हिंदी, इस्त्रीवाल्याशी हिंदी. मुलीशी मी मराठीत बोलायचे, पण ती उत्तर हिंदीत द्यायची. टाच दुखते म्हटल्यावर तिनं विचारलं, "टाच म्हणजे एड़ी ना, मम्मी?" मला राग आला. राग मला पटकन येतो. पण चिडायचं कुणावर? तिला तो शब्द कानावर घालणारं माझ्याशिवाय होतंच कोण?

मैत्रीण मला आठवड्याच्या बाजारात सापडली होती, नोएडात येऊन दोन महिने झाल्यावर. एक बाई कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करत स्वतःशीच म्हणाली, "काय बाई ही कोथिंबीर, नुसती मुळंच!" मी अनोळखी बाईचा दंड धरला. असं मी त्याआधी कधी केलं नव्हतं. ती मुंबईची. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, दर चार वर्षांनी बदली. त्यांचं सरकारी क्वार्टर आमच्यापासून दोन सेक्टर पलीकडे, चालत वीस मिनिटं. त्या आठवड्यापासून मी रोज अकराला तिच्याकडे जायला लागले. स्वयंपाकघरात चटई टाकून आम्ही भाजी निवडत बसायचो आणि एक वाजेपर्यंत बोलायचो. काय बोलायचो ते विचारू नका. आज आठवायला गेलं तर एक वाक्य धड आठवत नाही, पण घरी परतताना अंगात जीव आलेला असायचा.

तिच्या घराचा नियम कडक होता. चप्पल दाराबाहेर. देव स्वयंपाकघरात होते, त्यामुळे तिथं तर पायात काही असण्याचा प्रश्नच नव्हता. गॅसचा सिलिंडर घेऊन येणाऱ्या माणसालाही ती बूट काढायला लावायची आणि तो बिचारा मोज्यांवर घसरत सिलिंडर आत न्यायचा. माझाही नियम तोच. तिकडच्या बायका घरभर चप्पल घालून फिरतात, अगदी गॅससमोरसुद्धा, याचं आम्हा दोघींना अपार नवल होतं. माझ्या खालच्या मजल्यावरची शेजारीण पायात रबरी चप्पल घालून फुलके लाटते, याची मी नक्कलसुद्धा करून दाखवायचे. मैत्रीण पोट धरून हसायची. त्या शेजारणीनं हिवाळ्यात दोनदा मला गाजरहलवा पाठवला होता, पण तेवढ्यानं माझी नक्कल काही थांबली नाही.

टाचेचं सुरू झालं ते नोएडातल्या तिसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी. वजन वाढलं होतं म्हणून मी सकाळी तासभर चालायला लागले होते, तेही पातळ तळव्याच्या चपला घालून. पंधरा दिवसांत एका सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि टाचेत अशी सणक गेली की मी परत बसलेच. भिंत धरून न्हाणीघरापर्यंत गेले. दहा-पंधरा पावलं टाकल्यावर दुखणं ओसरलं. मला वाटलं, गेलं. तासभर बसून उठले तर पुन्हा तेच. हे दुखणं तसंच लबाड आहे. चालत राहिलात तर गप्प बसतं, विश्रांती घेतलीत की उठताना वसूल करतं. मी उलटा अर्थ लावला. चालल्यानं बरं वाटतं तर आणखी चालावं, म्हणून तासाचा दीड तास केला.

मैत्रिणीला अर्थातच सांगितलं. तिच्याकडे उपाय तयार होता. वीट तापवायची, तिच्यावर रुईचं पान ठेवायचं आणि त्यावर टाच दाबून शेकायची. तिच्या आईची टाच म्हणे आठ दिवसांत बरी झाली होती. रुई आमच्या समोरच्या प्लॉटवर माजलेलीच होती. मी पानं तोडताना सोसायटीचा माळी ओरडला, "आक है जी, दूध आँख में न लगे!" वीट मात्र मला मैत्रिणीनंच आणून दिली, चालत, कापडी पिशवीत घालून. वीस मिनिटांच्या रस्त्यावरून एक बाई दुसरीसाठी वीट घेऊन येते, हे मला आजही आठवतं तेव्हा कसंतरी होतं.

शेकताना बरं वाटायचं. सकाळी टाच जशीच्या तशी. पण ती रोज दार उघडल्या उघडल्या विचारायची, "आज कसं गं?" आणि इतक्या आशेनं बघायची की आठव्या दिवशी मी म्हणून टाकलं, "अगं, जादूच झाली. गेलंच बघ दुखणं." ती इतकी खूश झाली की तिनं लगेच साजूक तुपातला शिरा केला. माझी पहिली थाप ती. शिरा खाऊन मी उठले तेव्हा ओट्याला धरून उठले, पण तिची पाठ होती.

डॉक्टरकडे गेले ती डिसेंबरात, जेव्हा भिंत धरल्याशिवाय सकाळ होईना. हाडांचे डॉक्टर होते, वयस्क, तोंडाचे फटकळ. त्यांनी विचारलं, कसं दुखतं? आता हे हिंदीत कसं सांगायचं? ठणका लागतो, कळ येते, सणक जाते, दिवसभर नुसतं ठसठसतं, प्रत्येकाला माझ्याकडे वेगळा शब्द होता. तोंडातून एवढंच निघालं, "दर्द होता है जी, बहुत दर्द होता है।" त्या खुर्चीत मला रडू फुटायला आलं, आणि ते टाचेसाठी नव्हतं.

फोटो काढला. टाचेचं हाड किंचित वाढलेलं दिसलं. चला, दाखवायला काहीतरी आहे म्हणून मला तेवढाच दिलासा. डॉक्टरांनी तोही काढून घेतला. म्हणाले, असं हाड पुष्कळांचं वाढलेलं असतं, त्यातल्या कितीतरी जणांना काही दुखत नाही. मग त्यांनी माझ्या तळव्यावरून अंगठा फिरवून दाखवलं. टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, तो पावलाची कमान धरून ठेवतो. वजन, कडक फरशी, पातळ चपला, एकदम वाढवलेलं चालणं, यानं तो टाचेपाशी दुखावतो. रात्री पाय सैल पडला की आखडतो आणि सकाळी सगळं अंग त्याच्यावर टाकलं की पुन्हा ताणला जातो. शेकून, चोळून वरवर बरं वाटेल, पण त्याला रोज हळूहळू लांब करावं लागेल, पोटरीसकट. आणि रोज नव्यानं दुखवायचं थांबवावं लागेल.

"घर में नंगे पैर चलती हैं?"

"जी, घर में तो नंगे पैर ही चलते हैं।"

"बंद कीजिए। बिस्तर से उतरते ही चप्पल, मोटी और नरम। रसोई में भी।"

"रसोई में हमारे भगवान हैं।"

"तो भगवान को बता दीजिए," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मी देवांना सांगितलं. देव्हारा स्वयंपाकघरातून मुलीच्या खोलीत हलवला आणि जाड रबरी चप्पल घालून पोळ्या लाटायला उभी राहिले. पहिल्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी टाच कमी दुखली. देवांना सांगणं सोपं होतं, मैत्रिणीला सांगणं मला जमेना. काय सांगणार होते? की तुझ्या विटेनं काही झालं नाही, मी तुला थाप मारली? आणि आता जिची दोन वर्षं नक्कल केली तिच्यासारखीच चप्पल घालून मला तुझ्या देवांसमोर बसू दे? मी आधी एक दिवसाआड जायला लागले, मग आठवड्यातून दोनदा. तिच्याकडच्या गारठलेल्या फरशीवरून दारापासून चटईपर्यंतची बारा पावलं मी मोजून टाकायचे आणि हसऱ्या चेहऱ्यानं बसायचे. घरी आल्यावर ती टाच हातात धरून बसायचे.

मग संक्रांत आली. तिच्याकडचं हळदीकुंकू म्हणजे आमच्या भागातल्या मराठी बायकांचा वर्षाचा मेळा. गाझियाबादहून, मयूर विहारहून, कुठून कुठून वीसेक जणी यायच्या. दोन वर्षं ते आम्ही दोघींनी मिळून केलं होतं. ती हळदकुंकू लावायची, अत्तर लावायची, आणि मी शेजारी उभी राहून तिळगूळ आणि वाण द्यायचे. तीन-चार तास, अनवाणी, जानेवारीतल्या दिल्लीच्या फरशीवर. डॉक्टरांनी नेमकं हेच करू नका म्हणून बजावलं होतं आणि माझी खात्री होती की एवढं उभी राहिले तर महिन्याभराची कमाई जाईल. आदल्या दिवशी मी फोन केला आणि म्हटलं, "अगं, यांच्याकडचे पाहुणे येतायत पुण्याहून, अचानक. मला नाही गं जमायचं."

तिनं विचारलं, "थोडा वेळ तरी?"

"नाही गं, जेवायलाच आहेत."

"बरं," ती म्हणाली. "करते मी."

दुसऱ्या दिवशी चार वाजल्यापासून मला घरात बसवेना. आता बायका येत असतील, आता दाराबाहेर चपलांचा ढीग झाला असेल, आता कुणीतरी उखाणा घेत असेल. मुलगी क्लासला गेली होती. शेवटी मी साडीवर डॉक्टरांनी सांगितलेले नवे पांढरे स्पोर्ट्स शूज चढवले आणि ब्रेड आणायला म्हणून मार्केटमध्ये गेले. त्या बुटांत मला अगदी सरळ चालता यायचं. म्हणूनच मी भराभर चालत होते. डेअरीच्या दुकानातून ती बाहेर आली. ठेवणीतली काळी साडी, केसांत गजरा, हातात दुधाच्या तीन पिशव्या. चहाला दूध कमी पडलं असणार.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली बुटांकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"पाहुणे आले?" तिनं विचारलं.

"हो. म्हणजे, येतील आता."

"अच्छा," ती म्हणाली. आम्ही एकमेकींशी कधी अच्छा म्हणायचो नाही. ते बाहेरच्यांसाठी होतं. ती वळली आणि रिक्षात बसली. तेव्हा मी तिच्यामागं धावायला हवं होतं. धावता येत नव्हतं हे खरं, पण हाकही मारली नाही.

त्यानंतर तिचा फोन आला नाही आणि मी केला नाही. गंमत अशी की दोन दिवसांत मीच तिच्यावर रुसले. इतकी जवळची होती तर तिनं तोंडावर का नाही विचारलं? मी थापा मारते हे तिनं मानलंच कसं? मी खरंच थाप मारली होती, एवढी बारीकशी गोष्ट मी त्या हिशेबातून वगळली होती. माझं डोकं फिरलं की असंच चालतं.

मग मी टाचेच्या मागं लागले. दुसरं करायला होतंच काय? सकाळी डोळे उघडल्यावर पलंगावरच टॉवेल पावलाच्या पुढच्या भागाला अडकवून बोटं स्वतःकडे ओढायची, तीस आकडे होईपर्यंत. मगच चपलेत पाय घालायचा. अकरा वाजता, म्हणजे ज्या वेळी पूर्वी मी तिच्या दारात असायचे त्या वेळी, भिंतीला दोन्ही हात टेकून दुखरा पाय मागं, गुडघा ताठ, टाच जमिनीला चिकटलेली. पोटरी ताणली जाते, तो ताण टाचेपर्यंत जाऊ द्यायचा. पुन्हा तीस. आकडे मी मोठ्यानं मोजायचे, मराठीत. काही दिवस असे गेले की त्या आकड्यांपलीकडे मी मराठीत काही बोललेच नाही. उन्हाळ्यात पाण्याची बाटली बर्फ करून पायाखाली फिरवायची. निम्मे दिवस वीजच नसायची, मग बाटलीत कोमट पाणी. हे रविवारी फोनवर विचारायचे, "टाच काय म्हणते?" मी म्हणायचे, "ठीक आहे." एसटीडीचं बिल कंपनी देत होती तरी आमचं बोलणं तेवढंच.

डॉक्टर म्हणाले होते की महिने लागतील, आणि बरं होताना कळणारही नाही. तसंच झालं. एप्रिलात भिंत सुटली. जूनमध्ये बसून उठताना ओठ चावायची गरज राहिली नाही. नवरात्राच्या सुमाराला एका सकाळी मी उठले, चहा टाकला, आलं किसलं, आणि मग ध्यानात आलं की उठल्यापासून टाचेची आठवणच झाली नाही. मी उभ्या उभ्या हसले. आणि लगेच मला कळलं की हे सांगायला माझ्याकडे कुणी नाही. मुलगी गेली होती शाळेत, हे कानपूरला होते, आणि खालच्या शेजारणीला माझी टाच दुखत होती हेसुद्धा ठाऊक नव्हतं. चहा मी ओतून दिला. त्या दिवशी अकराला मी भिंतीपाशी उभी न राहता जिना उतरले.

वीस मिनिटांचा रस्ता मी वीस मिनिटांतच चालले. घंटा वाजवली. दार उघडायला ती स्वतः आली. थोडी वाळली होती. "या, ये ना," असं काहीतरी अडखळून म्हणाली आणि तिनं मला बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसवलं. मी त्या सोफ्यावर त्याआधी कधी बसले नव्हते. भिंतीशी खोकी रचलेली होती, दोरीनं बांधलेली.

"बदली झाली," ती म्हणाली. "भोपाळ. शनिवारी ट्रक येतोय."

तो गुरुवार होता. तिनं ट्रेमध्ये चहा आणला, कपबशीतून, सोबत बिस्किटं. मुलगी कितवीत आहे, हे कसे आहेत, असं सगळं विचारून झालं. मी कप खाली ठेवला.

"संक्रांतीला पाहुणे नव्हते आले," मी म्हटलं. "टाच दुखत होती माझी. अनवाणी उभंच राहता येत नव्हतं. डॉक्टरांनी घरातही चप्पल घालायला सांगितली होती."

"टाच तर बरी झाली होती ना? विटेनं?"

"नव्हती झाली. तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. आणि मग चप्पल घालून तुझ्याकडे कसं यायचं ते कळेना. विचारायची लाज वाटली."

तिनं माझ्या पावलांकडे पाहिलं. "एवढंच होतं?" तिनं विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "मी इतके महिने शोधतेय, माझं काय चुकलं. शिरा आठवला, वीट आठवली, तुझ्या मुलीला मी एकदा हिंदीवरून बोलले होते ते आठवलं. अगं, मी चप्पल घालून बसवलं असतं तुला. देवांच्या समोर बसवलं असतं."

तिनं पदरानं डोळे पुसले, माझा गार झालेला चहा उचलला आणि परत ठेवला.

"त्या दिवशी सगळ्याजणी विचारत होत्या, ती कुठंय म्हणून. मी म्हटलं, तिच्याकडे पाहुणे आलेत पुण्याचे. फार धावपळ आहे तिची."

"दूध घेऊन परत गेल्यावरसुद्धा?"

"मग काय सांगणार होते?" ती म्हणाली.